दुसऱ्या डॉक्टरांना न सांगितलेले

१९७४ च्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, नागपूरच्या नंदनवन भागात सिमेंटच्या पोत्यांनी भरलेल्या ठेल्याचा लोखंडी कठडा माझ्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला लागला. मी तेव्हा एका मराठी दैनिकात शहर वार्ताहर होतो. वय छत्तीस. नळाला पाणी नसल्याची तक्रार टिपून घेण्यासाठी थांबलो होतो. सायकलवरून उतरलो नव्हतो. डावा पाय पेडलवर आणि उजवा जमिनीवर टेकवून वहीत लिहीत होतो. रस्ता उताराचा होता. ठेलेवाला मागून ओरडला, "बाबूजी, हटो, हटो!" मी वाक्य पूर्ण करायला थांबलो.

ठेलेवाल्याने चार पोती रस्त्याच्या कडेला उतरवली, उरलेल्या पोत्यांवर मला बसवले आणि त्याच ठेल्यावरून घरी आणून सोडले. सायकल त्याने दोरीने मागे बांधली होती. गुडघा वाटेतच फुगला. घरी पोचेपर्यंत पायजमा कापावा लागेल एवढा झाला होता.

ज्यांच्या गुडघ्याला मार लागला आहे आणि जे आता कोणाला दाखवावे या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उपचार कोणता करावा हे मला कळत नाही. मी काय केले, तेवढे सांगता येते.

वाटीतले रक्त

त्याच दुपारी महाल भागातल्या एका वयस्क हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. सोबत पत्नी कमल होती. डॉक्टरांनी आधी फोटो काढून आणायला सांगितले. एक्स-रेची फिल्म त्यांनी खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिली. फोटोत हाडाची मोड दिसत नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी गुडघ्यात जाड सुई घालून आतला दाब मोकळा केला. जे निघाले ते पाणी नव्हते, रक्त होते. ते त्यांनी इनॅमलच्या पांढऱ्या वाटीत ओतले आणि वाटी खिडकीत ठेवली.

पाचेक मिनिटांनी त्यांनी आम्हा दोघांना जवळ बोलावले.

"हे बघा. वर काय तरंगते आहे?"

रक्तावर तेलाचे बारीक, गोल थेंब दिसत होते. भाजीच्या रश्शावर दिसतात तसे.

"ही हाडाच्या आतली चरबी आहे," ते म्हणाले. "हाड फुटल्याशिवाय ती बाहेर येत नाही. फोटोत दिसो न दिसो, सांध्याच्या आत हाडाला तडा गेला आहे. सहा आठवडे हा पाय जमिनीला लावायचा नाही."

त्यांनी कापसाची जाड पट्टी बांधली, मागून लाकडी फळी दिली आणि सूज बसल्यावर, गुरुवारी, पक्के प्लास्टर घालायला बोलावले. हे सगळे एका कागदावर लिहून दिले. रक्त निघाले, त्यात चरबी होती, सहा आठवडे वजन नको. कागद कमलने पर्समध्ये ठेवला.

सहा आठवडे हा आकडा ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार गुडघ्याचा आला नाही. शहर वार्ताहर म्हणजे सायकल. सकाळी पोलीस ठाणी, मग अग्निशामक दल, महापालिका, दवाखाने, संध्याकाळी पुन्हा ठाणी. कचेरीत एकच जीप होती आणि ती अंकांच्या गठ्ठ्यांसाठी होती. अकरा वर्षे मी हे काम करत होतो. दुसरे कोणतेही मला करायचे नव्हते.

खातरजमा

आमच्या कचेरीत एक पद्धत होती. एका माणसाने सांगितलेली बातमी छापायची नाही. दुसऱ्याला विचारायचे, आणि विचारताना पहिल्याने काय सांगितले ते त्याला कळू द्यायचे नाही. कळले की माणूस नकळत होला हो मिळवतो, किंवा मुद्दाम उलटे बोलतो. वृत्तसंपादकांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलेली ही गोष्ट. ती मी अकरा वर्षे पाळली होती आणि त्यामुळे माझी एकही बातमी मागे घ्यावी लागली नव्हती.

बुधवारी सकाळी मी कमलला म्हणालो की आणखी एका डॉक्टरांना दाखवून येऊ.

"दाखवू ना," ती म्हणाली. "कागद घेतला मी सोबत."

"कागद राहू दे. त्यायले काही सांगायचं नाही."

"काहून?"

"सांगितलं की दुसरा पहिल्याच्याच मागं बोलते. त्याले स्वतः काय दिसते ते पाहू."

"अन् रक्त काढलं ते?"

"तेही नाही. तू मधात बोलू नको."

माझी आई तेव्हा भिवापूरहून आमच्याकडे राहायला आली होती. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"डॉक्टरले चोर समजून राहिला का गा, बाबू? घरचंच माणूस घेऊन चालला अन् त्याच्याच तोंडाले कुलूप?"

 महालातली पट्टी आणि फळी मी काढून ठेवली. साधी पट्टी गुंडाळली. रिक्षातून धंतोलीला गेलो.

दुसरा दवाखाना

धंतोलीचे डॉक्टर तरुण होते, नीटनेटके होते, आणि त्यांनी घाई केली नाही. हे मुद्दाम नोंदवतो. पुढे जे झाले त्यात त्यांची चूक नव्हती.

त्यांनी विचारले, कधी लागले? मी सांगितले. कसे लागले? सांगितले. आधी कोणाला दाखवले का? मी म्हणालो, नाही.

त्यांनी गुडघा दाबून पाहिला. बाजूला एक लाल टिंब होते, सुईचे.

"हे काय टोचलंय?"

"पडताना काही लागलं असेल," मी म्हणालो.

मी पडलो नव्हतो. घरून निघताना मी फक्त गप्प राहायचे ठरवले होते. खोटे बोलायचे ठरवले नव्हते. कमल समोरच्या बाकावर बसली होती. ती माझ्याकडे पाहत राहिली. पर्स तिने दोन्ही हातांनी धरली होती. ती बोलली नाही.

नवा फोटो काढला. त्यातही मोड दिसली नाही. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय खूप, पण सूज फारशी नाही. आत हाड फुटलं असतं तर रक्त साचून गुडघा टम्म फुगला असता. बाहेरचा स्नायुबंध ताणला गेलाय. दहा दिवस आराम करा, मग काठी घेऊन हळूहळू चालायला लागा. मध्ये सूज वाढली तर मात्र लगेच या."

सूज का नव्हती, ते त्या खोलीत दोघांना माहीत होते.

रिक्षात कमल एवढेच म्हणाली, "अजी, त्यायनं सुजेचंच विचारलं. सुजेवरूनच सांगितलं त्यायनं."

"दोघंही शिकलेलेच आहेत," मी म्हणालो.

दोन माहितीदारांचे म्हणणे जुळले नाही तर बातमी थांबवायची आणि तिसऱ्याकडे जायचे, हाही कचेरीचाच नियम होता. तो मी पाळला नाही. गुरुवारी महालात प्लास्टरसाठी गेलो नाही. शुक्रवारी गुडघा पुन्हा थोडा सुजला. ती सूज मी लागल्याची समजलो आणि धंतोलीलाही गेलो नाही.

चालणे

अकराव्या दिवशी काठी घेऊन उभा राहिलो. दुखले. चौदाव्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. अठराव्या दिवशी कचेरीत. तिथे लोकांनी खुर्ची दिली, चहा दिला. वृत्तसंपादक म्हणाले, "आलास? बस. आता चार दिवस फोनवर काम कर." मला फार बरे वाटले.

घरी संध्याकाळी गुडघा गरम असे. जिना उतरताना आत काहीतरी दबते आहे असे वाटे, ओल्या जमिनीत खुंटी रुतावी तसे. मी हे कोणाला सांगितले नाही. आईच्या लक्षात आधी आले. मी अंगणात उभा असताना ती मागून म्हणाली, "बाबू, तुहा पाय वाकडा दिसते गा."

कमलने मला भिंतीला पाठ लावून उभे केले. दोन्ही गुडघे जुळवले तेव्हा उजव्या पायाची टाच डावीपासून चार बोटे दूर राहत होती.

मार्चच्या मध्याला, कचेरीच्या तिसऱ्या पायरीवर, गुडघा खाली गेला. दोघांनी उचलून टांग्यात घातले. या वेळी सरकारी इस्पितळात.

तिसरा प्रश्न

तिथले हाडांच्या विभागाचे प्रमुख पन्नाशीचे होते. नव्या फोटोत मोड आता स्पष्ट दिसत होती. मांडीचे हाड ज्या सपाट जागेवर टेकते, नडगीच्या माथ्यावरची ती जागा बाहेरच्या बाजूने खचली होती. त्यांनी ती मला पेन्सिलीच्या टोकाने दाखवली.

"लागलं तेव्हा गुडघ्यातून काही काढलं होतं का?"

मी कमलकडे पाहिले. तिने पर्स उघडली होती.

कागद चार घड्या घालून ठेवलेला होता. प्रमुखांनी तो उलगडला, वाचला, पुन्हा वाचला.

"हा पहिल्या दिवशीचा आहे. मग चाललात कसे?"

"दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं."

"त्यांना हा दाखवला होता?"

"नाही."

"का?"

मी कचेरीची पद्धत सांगितली. सांगताना ती मला स्वतःलाच वेगळी ऐकू येत होती. ते रागावले नाहीत. बाजूला उभे असलेले शिकाऊ डॉक्टर हसू लागले, प्रमुखांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि ते थांबले.

"तुमच्याकडे समोरचा खोटं बोलेल असं धरून विचारतात," ते म्हणाले. "आमच्याकडे समोरचा खरं सांगेल असं धरून विचारतो. दुसरा मार्ग नाही आम्हाला."

मग त्यांनी पुढचे सांगितले. पहिल्या दिवशी हाड जागेवर होते, नुसता तडा होता. वजन पडत गेले तसा तुकडा खाली बसला. आता गुडघा उघडून तो वर उचलावा लागेल आणि खाली राहिलेल्या पोकळीत कमरेच्या हाडाचा चुरा भरावा लागेल. पाय सरळ होईल. किती वाकेल ते सांगता येणार नाही.

"सायकल?" मी विचारले.

"ते नंतर बघू."

खाट

शस्त्रक्रिया मार्चच्या शेवटी झाली. वॉर्डात मी नऊ आठवडे होतो. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि बाहेर नागपूरचा एप्रिल, मग मे. सकाळी साडेपाचला झाडलोट, सहाला चहा, आठला नर्सबाई, दहाला डॉक्टरांची फेरी. दुपारी खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर एक आयाबाई बादलीने पाणी मारी. आमच्या बाजूची ताटी ती दोनदा भिजवत असे. का, ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. प्लास्टरच्या आत घाम उतरे आणि खाज सुटे. कमलने लोकर विणायची लांब सुई आणून दिली. नर्सबाईंनी ती जप्त केली, आणि दोन दिवसांनी टोकाला कापूस गुंडाळून परत दिली.

कमल शाळेत शिक्षिका होती. ती शाळा सुटल्यावर डबा घेऊन येई, तासभर बसे आणि जाई. पहिले तीन आठवडे आम्ही डब्याबद्दल, आईबद्दल, उन्हाबद्दल बोललो. एका संध्याकाळी ती डबा धुऊन आली आणि उभ्यानेच म्हणाली, "त्या दिवशी मी बोलाले पाहिजे होतं."

"मीच नाही म्हणालो होतो."

"तुमी म्हणालेच. पण तोंड त माहं होतं ना."

एवढे बोलून तिने डबा पिशवीत घातला. मी तिला थांब म्हणालो नाही.

शेजारच्या खाटेवर डोमाजी होते, भिवापूरकडचे मिरची पिकवणारे गृहस्थ, साठीचे. छपरावरून पडून मांडी मोडली होती. पायाला वजने टांगलेली असत. त्यांच्या घरून येणारा झुणका एवढा तिखट असे की वॉर्डातले अर्धे लोक ठसकत, आणि डोमाजी खूश होत. माझी हकिगत त्यांनी शिकाऊ डॉक्टरांकडून ऐकली होती.

"म्हणजे तुमी डॉक्टरची परीक्षा घेत होते?" त्यांनी एकदा विचारले.

"परीक्षा नाही. खात्री करत होतो."

"मंग? झाली का खात्री?"

 ते वजनांच्या दोरीला धरून थोडे वर सरकले.

"आमी बैल दाखवाले नेतो ना, पेपरवाले, त सारं सांगतो डॉक्टरले. काल काय खाल्लं, कोणत्या पायानं लंगडते, कोणी काय पाजलं. बैलाले बोलता येत नाही म्हणून सांगा लागते. तुमाले त बोलता येते गा."

पलीकडच्या तीन खाटा हसल्या. मीही हसलो.  पुन्हा चालता आले नाही तर काय, याची भीती मला शस्त्रक्रियेच्या आधी वाटली नव्हती. ती त्या दुपारी वाटली.

मे महिन्यात वृत्तसंपादक येऊन गेले. ते खाटेच्या कडेला बसले आणि सरळ मुद्द्यावर आले. शहराचे काम सध्या दुसऱ्याकडे दिले आहे, तात्पुरते. दिवाळीपर्यंत जागा तुझी. तोपर्यंत सायकलवर बसलास तर परत तुझ्याकडे. नाही तर डेस्कवर ये, भाषांतराला माणूस हवाच आहे.

"दिवाळीपर्यंत नक्की?" मी विचारले.

"शब्द देतो. लिहून हवा का?"

अंश

प्लास्टर निघाले तेव्हा पाय काडीसारखा बारीक झाला होता आणि गुडघा पंधरा अंशांच्या पुढे वाकत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांच्याकडे स्टीलचे दोन पट्ट्यांचे मापक असे. एक पट्टी मांडीला लावायची, एक नडगीला, मधल्या चकतीवर अंश वाचायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना सायकलचे विचारले.

"पेडल वर येते तेव्हा गुडघा एकशे दहा त वाकालेच पाहिजे," त्या म्हणाल्या. "जमिनीवर मांडी घालून बसाचं विसरा. सायकलचं पाहू."

रोज सकाळी गरम पाण्याचा शेक आणि तासभर व्यायाम. पलंगाच्या कडेला बसून दुसऱ्या पायाने उजवा पाय मागे ढकलायचा. आई समोर बसून मोजत असे. मी सोळाला थांबलो की ती म्हणे, "वीस म्हणाली होती बाई. चार कोण करन, मी?" जूनच्या अखेरीस चाळीस अंश झाले. जुलैच्या अखेरीस अडुसष्ट. ऑगस्टमध्ये ऐंशी. तिथून आकडा हळू सरकू लागला.

जुलैत, कुबड्यांवर असतानाच, मी धंतोलीला गेलो आणि तिथल्या डॉक्टरांना सगळे सांगितले.  मग त्यांनी कपाटातून फेब्रुवारीची वही काढली, पान शोधले आणि माझ्यासमोर ठेवले. माझ्या नावापुढे त्यांच्या अक्षरात लिहिले होते: बाजूला टोचल्याची खूण, पेशंट म्हणतो पडताना लागले, आधी कोणास दाखविले नाही.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

महालातल्या डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी पाय सरळ आहे का ते पाहिले, बरा आहे म्हणाले, आणि त्या गुरुवारी प्लास्टरचे सामान भिजवून वाट पाहिली होती, असे सांगितले.

सप्टेंबरच्या शेवटी कुबड्या सुटल्या. काठी राहिली. अंगणात सायकल भिंतीला टेकून होती. आईने तिच्यावर जुने लुगडे टाकून ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये मी एकदा ते काढले, भिंत धरून सीटवर बसलो आणि पेडल मागे फिरवून पाहिले. उजवे पेडल वर येता येता, माथ्याच्या थोडे अलीकडे, थांबले. मी लुगडे परत टाकले. हे मी कोणाला सांगितले नाही. संध्याकाळी कमलने विचारले, "बसून पाहिलं का?" तेव्हा सांगितले.

शेवटची मोजणी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात इस्पितळात शेवटच्या तपासणीसाठी बोलावले होते. कमलने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. प्रमुख बाहेरगावी होते. खोलीत नवीन डॉक्टर होते, त्या महिन्यात बदलून आलेले. त्यांच्यासमोर माझ्या कागदांचा जाड बांधलेला गठ्ठा होता, पण त्यांनी तो उघडण्याआधी विचारले, "काय झालं होतं? आधी कोणाला दाखवलं होतं?"

मी तोंड उघडण्याआधी कमल बोलू लागली. तिने मंगळवारपासून सांगितले. ठेल्याचा कठडा, महालातली सुई, वाटीतले रक्त, त्यावरचे तेल, सहा आठवडे, काढून ठेवलेली फळी. धंतोलीत काय विचारले आणि आम्ही काय उत्तर दिले. शुक्रवारची सूज. अकरावा दिवस, चौदावा, अठरावा. वाकडा झालेला पाय, पायरी, शस्त्रक्रिया, प्रत्येक महिन्याचे अंश. अंगणातल्या सायकलचे थांबलेले पेडल. तिने काही गाळले नाही आणि कुठेही माझ्याकडे पाहिले नाही. डॉक्टर लिहीत होते. मध्ये एकदा त्यांनी शाई भरली.

मग मला टेबलावर पालथे झोपवले. डॉक्टरांनी नडगी धरून पाय जिथवर गेला तिथवर मागे वाकवला. व्यायामाच्या बाईंनी पट्ट्या लावल्या आणि आकडा मोठ्याने वाचला. डॉक्टरांनी पुन्हा मोजायला सांगितले. त्यांनी पुन्हा मोजले.

दोन्ही वेळा अठ्ठ्याण्णव आले, पेडलच्या एकशे दहाला बारा कमी. डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहिला, खाली सही केली, आणि कमलने कागद पर्समध्ये ठेवला.